विरळणीची जुडी

विरळणीचे, म्हणजे दाट उगवलेली रोपं उपटून वाफा मोकळा करायचे, दिवस आले की माझी पंचाईत होते. सकाळी वाफ्यावरचं दव अजून उठलेलं नसतं. मी पाटावर बसतो, चष्मा नाकाच्या टोकावर आणतो, दोन रोपांच्या मधलं तिसरं रोप चिमटीत धरतो आणि तसाच थांबतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शैलाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, आवाज येतो, "उपटा ना आता. का त्याले इचारून राह्यले?"

विचारतच असतो खरं तर. बाबा रे, तू कुणाच्या ताटात जाणार नाहीस ना?

रोप आहे वॉलफ्लॉवरचं. आमची मुलगी इंग्लंडात असते. चार वर्षांपूर्वी तिनं पहिल्यांदा बियांचं पाकीट पाठवलं. पाकिटावर जुन्या दगडी भिंतीचं चित्र, आणि भिंतीच्या पायथ्याशी केशरी, पिवळ्या, तपकिरी-लाल फुलांचा नुसता दंगा. तिकडे म्हणे थंडी सरली की सगळ्यात आधी हाच रंग दिसतो. मी चित्र पाहिलं, मग आमच्या कंपाउंडची भिंत पाहिली. तिच्यावर कुण्या ट्यूशनवाल्याची जाहिरात रंगवलेली होती. तिथल्या तिथे ठरवलं, फाल्गुनात ही भिंत इंग्लंड झाली पाहिजे.

आमचं बुलढाणं अजिंठ्याच्या डोंगरावर बसलेलं. थंडीत दुपारीसुद्धा सावलीत गेलं की खांदे आखडतात. त्यामुळे गावाला स्वतःला हिल स्टेशन समजायची जुनी खोड आहे. इंग्रज साहेबाला इथली हवा मानवली असं सांगतात, मग साहेबाच्या फुलांना का मानवू नये? हे माझं शास्त्र. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, तेव्हा माझ्या शास्त्राला आव्हान देणारं घरात कुणी नव्हतं. शैला होती, पण ती भूगोलाची.

पाकिटावर लिहिलं होतं, बी विरळ पेरा. सूचना विद्यार्थ्यांसाठी असतात, शिक्षकांसाठी नव्हे, असं मानणारा मी माणूस. दिवाळी झाल्यावर अख्खं पाकीट एका वाफ्यात रिकामं केलं. रोपं उगवली ती यात्रेतल्या माणसांसारखी, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. पायाला माती लागायला जागा नाही.

त्याच सुमाराला आक्का आली.

आक्का माझी मोठी बहीण. आमचं गाव देऊळघाट, इथून जवळच. तिला दिली देऊळगाव राजाला. भाऊजी गेल्यापासून ती तिथे एकटीच राहते. मुलगा पुण्यात. दर काही महिन्यांनी ती बुलढाण्याला येते ती छातीच्या तपासणीसाठी. तिचं काळीज ठेका धरून चालत नाही, मधेच एखादा ठोका गाळतं. त्यासाठी रोज सकाळी एक बारीकशी पांढरी गोळी घेते. गोळी घेताना म्हणते, "घे रे बाबा, तुही हजेरी लाव."

ती वाफ्यापाशी आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बापू, हे लय दाट झालं. इरळनी नाई केली काऊन?"

"करतो ना."

"तू कायची करतं," असं म्हणत ती बसलीच. तिची बोटं मी लहानपणापासून पाहत आलोय. मातीत शिरतात ती जशी स्वतःच्याच घरात. कोणतं रोप ठेवायचं, कोणतं काढायचं, हे ती डोळ्यांनी नाही, बोटांनी ठरवते. पंधरा मिनिटांत वाफा मोकळा झाला आणि तिच्या मांडीवर हिरवीगार जुडी जमली, मुळांना ओली माती चिकटलेली.

"खाते का याले?" तिनं विचारलं.

आता इथे शहाण्या माणसानं म्हटलं असतं, ठाऊक नाही. पण तीस वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला हे दोन शब्द उच्चारता येत नाहीत, जिभेची तशी घडणच उरत नाही. मी म्हणालो, "अगं आक्का, चार पाकळ्यांचं फूल येते याले, अधिकच्या चिन्हासारखं. मोहरीच्या खानदानातलं हाये हे! खाते म्हंजे? लसणाची फोडनी दे, बोटं चाटत राहशील."

शैला खिडकीतून म्हणाली, "आधी पाहून घ्या हो कुठं."

"मोहरी, मुळा, कोबी, सगळे याचेच भाऊबंद," मी म्हणालो. "मी का आज शिकवून राह्यलो?"

आणि मी स्वतःच्या हातानं ती जुडी ओल्या फडक्यात गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि आक्काच्या पिशवीत ठेवली. वर म्हणालो, "आज रातच्या जेवनाले कर."

*

विरळणीची भाजी हा शब्द आता कुणाला कळतो की नाही, ठाऊक नाही. आई गेली तेव्हा मी तिसरीत होतो आणि आक्काच्या लग्नाचं कुणी बोलायलाही तयार नव्हतं, कारण ती गेली तर घर कोण चालवणार. ती निंदायला जायची, दुसऱ्यांच्या शेतात. थंडीत करडीची विरळणी असे. दाट उगवलेली रोपं बायका ओळीनं बसून उपटत. उपटलेलं मालकाच्या कामाचं नसे, ते बाईच्या ओटीत जायचं, अशी रीतच होती. संध्याकाळी आक्का घरी येई तेव्हा तिच्या ओटीला तो हिरवा भार असे, जणू मूलच घेऊन आली. पदर सोडला की कोवळ्या पानांचा ओलसर, किंचित उग्र वास खोलीभर पसरायचा. तिची बोटं नखांपर्यंत हिरवी. त्याच बोटांनी ती भाकर थापायची आणि भाकरीवर हिरवट ठसे उठायचे. मी ते मोजत मोजत खायचो.

"आज पन करडीच?" मी रडवेला व्हायचो.

"उद्या मेथीच्या वावरात हाये काम," ती म्हणायची. "उद्या मेथी."

आमच्या घरातला स्वयंपाक कुणाच्या वावरात विरळणी आहे त्यावर ठरायचा. मी असा वाढलो, दुसऱ्याच्या शेतात जास्त झालेल्या रोपांवर. शिकलो, मास्तर झालो, आणि त्याच बाईला पहिल्यांदा माझ्या वाफ्यातली विरळणी बांधून दिली.

*

अकराच्या गाडीनं आक्का गेली. एकच्या सुमाराला मी जेवून ओसरीवर फोन घेऊन बसलो. हेतू असा, की फुलं जरा लवकर यावीत म्हणून काय करावं ते वाचावं. इंग्रजी वाचताना मी ओठ हलवतो. हलवत हलवत एका ओळीशी आलो आणि ओठ थांबले.

लिहिलं होतं, हे झाड खाण्याचं नाही. याच्या अंगात असा रस असतो की तो काळजाच्या ठोक्यावर चालतो. काळजाची औषधं घेणाऱ्यांनी तर लांबच राहावं.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ओळ तीच होती. कान आधी गरम झाले आणि मग एकदम गार. अंगणातला कावळा ओरडत होता, त्याची चोच उघडलेली दिसत होती, आवाज मात्र ऐकू येईना. मोहरीच्या खानदानातलं हाये. माझंच वाक्य माझ्या कानाशी येऊन बसलं आणि हलेना.

आक्काला फोन लावला. वाजला. कुठे वाजला? आमच्याच स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे. शैलानं तो बटणांचा फोन हातात आणून ठेवला आणि माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "काय झालं?"

मी सांगितलं. मला वाटलं ती बोलेल, आणि बोलायला हवंच होतं.  ती वेताच्या मोढ्यावर बसली आणि आक्काचा फोन घेऊन त्यातले नंबर शोधायला लागली. 

भाच्याला पुण्याला लावला, उचलला नाही. आक्काच्या फोनमध्ये शेजारच्या मंदाचा नंबर सापडला, तो बंद. आक्काची जेवायची रीत मला पाठ. दिवे लागायच्या आत जेवून मोकळी होते. निंदणाला जायची तेव्हाची सवय, रॉकेल वाचवायची. म्हणजे सूर्य बुडायच्या आत पोचायला हवं.

"स्कूटी काढू?" मी म्हणालो.

"हात पाहा आधी आपले," शैला म्हणाली. हात असे हलत होते की किल्लीच्या जुडग्यातली घुंगरं वाजत होती. मी एस.टी. स्टँडवर पळालो.

अडीचची गाडी. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलो, मग उठून दाराशी उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, "काका, बसा ना. उभं राह्यल्यानं गाडी लवकर पोचते का?"

बसलो. गाडी चिखलीला थांबली. ड्रायव्हर चहा प्यायला उतरला. त्यानं चहा बशीत ओतला. बशीत! मी खिडकीतून त्याच्या बशीकडे पाहत होतो, तो फुंकर घालत होता, आणि मला वाटत होतं की त्या एकेका फुंकरीनं तिकडे सूर्य खाली ढकलला जातोय. मी वर्गात मुलांना सांगत असे, सूर्य बुडत नाही, पृथ्वी फिरते. त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तो बुडतो. घाईघाईनं बुडतो.

चिखलीच्या पुढे दोन्ही बाजूंना रब्बी. हरभरा, गहू, मधेच एखादा करडीचा तुकडा. एका तुकड्यात बायका ओळीनं बसल्या होत्या, पाठीवर ऊन, ओट्या भरलेल्या. विरळणी करत होत्या. मी तोंड फिरवलं. दुसऱ्या खिडकीतूनही तेच दिसलं.

नवस बोलायची सोय आमच्या घरात नाही. आम्ही बुद्धाची माणसं, त्यात मी विज्ञानाचा. बोलणार कुणाशी? त्रिशरण म्हणायला लागलो. जन्मभर पाठ असलेलं, पण तिसऱ्या ओळीशी अडलो. मग लक्षात आलं की ते मला आक्कानंच शिकवलंय, भाकरी थापता थापता. पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागलो, पुन्हा तिथेच अडलो. डोळ्यांपुढे एकच चित्र. आक्का ताटावर बसलीय, भाकरीचा तुकडा मोडते, हिरवी भाजी त्यात धरते, आणि म्हणते, बापूनं देल्ली.

*

देऊळगावला उतरलो तेव्हा सव्वापाच झाले होते. ऑटो केला. गल्लीच्या तोंडाशीच लसणाच्या फोडणीचा वास आला आणि मी ऑटोतून उतरून पळालो.

आक्का दाराशी, उंबऱ्याच्या आत, ताट घेऊन बसलेली. ताटात भाकर, आणि हिरवी भाजी. घास तोंडाशी.

मी काय केलं ते मंदानं नंतर गल्लीभर करून दाखवलं, म्हणून मला ठाऊक. मी म्हणे आरोळी ठोकली, चपलांसकट उंबऱ्यावरून उडी मारली आणि बहिणीच्या हातातला घास हिसकला. ताट भिंतीवर. अर्धी भाजी माझ्या सदऱ्यावर.

"बापू! येडा झाला का बे?"

"किती खाल्ली? आक्का, किती खाल्ली?"

"दोन घास. काऊन?"

मी मटकन खाली बसलो.  तेवढ्यात मंदा भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, "काय झालं वो मास्तर? माही करडीची भाजी नाई आवडली का?"

करडी. मंदाची करडी. मी सदऱ्यावरचं पान उचलून उजेडाकडे धरलं. करडीच होती. आयुष्यात इतक्या प्रेमानं मी कोणत्या भाजीकडे पाहिलेलं नाही.

"मंग माही जुडी?"

आक्कानं मागच्या दाराकडे बोट केलं. मागच्या भिंतीलगत, मोरीचं पाणी जातं तिथे, सगळी रोपं ओळीनं लावलेली. उरलेली एका फुटक्या बादलीत. प्रत्येकाला हातभर जागा.

मी हसायला लागलो, की रडायला, ते मंदानं अजून ठरवलेलं नाही.

तेवढ्यात आक्का म्हणाली, "एक पान चाखलं होतं मी. कडू जहर."

हसू तिथेच थिजलं. मी तिचं मनगट धरलं. मुलांना नाडी मोजायला शिकवताना मी नेहमी सांगत असे, अंगठ्यानं मोजू नका, अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. त्या दिवशी माझ्या पाचही बोटांना स्वतःचे ठोके होते. त्या गोंधळात मला तिचा ठोका सापडला. एक, दोन, तीन... आणि चौथा आलाच नाही. पुन्हा. एक, दोन, तीन, चार, पाच... गेला. पण तिची नाडी तर नेहमीच चुकते! हा चुकलेला ठोका तिचा रोजचा, की माझ्या वाफ्यातला? कसं ओळखायचं? शाळेत हा धडाच नव्हता.

दवाखान्यात यायला ती तयार नव्हती. "एका पानासाठी?" मी म्हणालो, "आक्का, तू नाई आली तर मी अथीच बसतो." ती म्हणाली, "बस." मी बसलो. मग माझ्या तोंडाकडे पाहून तिलाच काहीतरी वाटलं असावं. उठली, पदर डोक्यावर घेतला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, काळजाचा कागद, म्हणजे ई.सी.जी., काढला, आक्कानं आणलेल्या जुन्या कागदाशेजारी ठेवला. "एका पानानं बहुतेक काही होत नाही," म्हणाले, "पण दोन तास इथेच बसा, पुन्हा एकदा काढू."

बहुतेक! त्या एका शब्दावर मी दोन तास बसलो. बाकावर आक्का ताठ, मी तिचं मनगट धरलेला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा अडखळत होता, तिच्या नाडीसारखाच. मला सगळं सांगावं लागलं होतं, डॉक्टरसमोरच. खानदान, लसणाची फोडणी, बोटं चाटणं, सगळं. डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते. त्यांचे खांदे हलत होते.

 बाकावर आक्का म्हणाली, "मले मारायले इतक्या लांबून बी मागवलं का रे बापू? अथी का जहर भेटत नाई?"

"कडू लागलं म्हनून नाई शिजवलं ना?" मी विचारलं.

"नाई. लावून झाल्यावर चाखलं."

"मंग?"

तिनं हिरव्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं. "जिंदगीभर उपटलेलं शिजवलं. पोट होतं तवा. म्हनलं, आता एकदा उपटलेलं लावून तं पाहू."

दुसरा कागद पहिल्यासारखाच निघाला. डॉक्टरांनी आठच्या आत सोडलं. बाहेर येऊन मी शैलाला फोन केला, तर ती नुसती रडत होती.

*

माझ्या वाफ्यातली रोपं त्या वर्षी गेली. त्यांना मी शेणखत घातलं, पाणी घातलं, मावा पडल्यावर औषध मारलं, आणि उरलासुरला जीव मायेनं घेतला. आक्काच्या मोरीपाशी मात्र फाल्गुनात सहा दांडे आले. पोपडे उडालेल्या त्या भिंतीच्या पायथ्याशी तपकिरी-लाल, केशरी, पिवळं. पाकिटावरच्या चित्राइतकं नाही, पण चित्राला वास नव्हता. हा वास लवंगेसारखा सुरू होतो आणि मधासारखा संपतो. पौर्णिमेला तिनं दोन दांडे विहारात नेले. बायकांनी विचारलं, कायचं फूल हाये? ती म्हणाली, "आमच्या मास्तरच्या शिकवनीचं."

तेव्हापासून दर वर्षी मी बी विरळ पेरतो. तरी ते दाटच उगवतं. विरळणी करतो, जुडी ओल्या फडक्यात बांधतो, आणि स्वतः देऊळगावला नेऊन देतो. पिशवीवर जाड अक्षरात लिहितो, खाऊ नये. शैला म्हणते, "आक्काले लिहिलेलं वाचता येते, तुम्हाले येत नव्हतं."

लोकांना तो वास सुखाचा वाटतो. मला मात्र लवंगेपाशीच धडधड सुरू होते, मधापर्यंत मी कधी पोचतच नाही. आणि आता ही भीती पानाची राहिलेली नाही, हे मलाही कळतं. आक्का यंदा विहाराच्या तीन पायऱ्यांवर दोनदा थांबते. गोळ्या एकाच्या तीन झाल्यात. रोपं ती बसून नाही, बाजेवरून सांगून लावून घेते, "थे नाई, थे पलीकडचं. मुळं दाबू नको." सूर्य बुडायच्या आत पोचलं की सगळं ठीक होतं, असं मी त्या गाडीत शिकलो होतो. आता कोणत्या सूर्याआधी पोचायचं ते कुणी सांगत नाही.

परवा गेलो होतो. रोपं लावून झाली, हात धुतले, बाजेवर तिच्याशेजारी बसलो. इकडचं तिकडचं बोलत बोलत तिचं मनगट हातात घेतलं, भावानं बहिणीचा हात धरावा तसं. चार वर्षं मी हे असंच करतो, आणि चार वर्षं मला वाटतं की तिला कळत नाही.

एक, दोन, तीन... गेला. एक, दोन... गेला.

"किती भरले?" ती डोळे मिटूनच म्हणाली.

मी मनगट आणखी घट्ट धरलं.

"एखादा गेला तं जाऊ दे, बापू. दाट झाल्यावर काढाच लागते." तिचा अंगठा माझ्या हातावरून फिरला, खरखरीत, अजून मातीचा. "इरळनी हाये थे. सोड आता."

मी सोडलं नाही. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो.